आर्प-स्कॅन: घरच्या नेटवर्कवर रास्पबेरी पाय सापडत नसेल तेव्हा

स्क्रीन आणि कीबोर्ड न लावता रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालवायचा, तर आधी राउटरने त्याला कोणता आयपी पत्ता दिलाय हे कळायला हवं. ते शोधून देणाऱ्या साधनांत आर्प-स्कॅन सगळ्यात भरवशाचं आहे. टर्मिनलमध्ये चालतं, दिसायला रुक्ष आहे, विंडोजवर चालत नाही. तरीही लिनक्स किंवा ॲपलचा मॅक हाताशी असेल तर आधी हेच वापरावं.

भरवशाचं का, ते त्याच्या नावातच आहे. बरीच साधनं पिंग करून, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून पाहतात, आणि पिंगला उत्तर द्यायचं नाही असं फायरवॉल ठरवू शकते. आर्प म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे विचारायची पद्धत. तिचं तसं नाही. ‘१९२.१६८.१.३७ कोणाकडे आहे?’ या प्रश्नाला जे यंत्र उत्तर देणार नाही, त्याला आयपीव्ही४ वर शेजारच्या कोणाशी बोलताच येणार नाही. म्हणून यंत्र चालू असेल आणि त्याच नेटवर्कमध्ये असेल तर ते सहसा सापडतंच. नेहमीच्या घरगुती नेटवर्कचे २५६ पत्ते विचारून व्हायला दोनेक सेकंद लागतात.

उबुंटू-डेबियनवर ॲप्टने आणि मॅकवर होमब्रूने ते बसतं. चालवताना सहसा सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लागतो, आणि पुढे ‘लोकलनेट’ हा पर्याय द्यायचा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी येतात: आयपी पत्ता, मॅक पत्ता (नेटवर्कच्या जोडणीचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) आणि उत्पादकाचं नाव. ज्या संगणकावरून शोधताय तो स्वतः या यादीत येत नाही. तो दिसला नाही म्हणून स्कॅन फसला असं समजू नये.

घोटाळा होतो तो तिसऱ्या रकान्यात. उत्पादकाचं नाव पाय स्वतः सांगत नाही. मॅक पत्त्याचे पहिले तीन भाग घेऊन साधन आपल्याजवळच्या यादीत नाव शोधतं. जुन्या पायचे पत्ते बी८:२७:ईबी ने सुरू होतात. २०१९ मध्ये पाय ४ आला तो डीसी:ए६:३२ घेऊन. पुढे ई४:५एफ:०१, डी८:३ए:डीडी, २८:सीडी:सी१ आणि २सी:सीएफ:६७ हेही आले. एका बटणावर पाय शोधून देणारं एखादं छोटं साधन फक्त बी८:२७:ईबी वरच चाळणी लावत असेल, तर नवा पाय समोर चालू असूनही ते ‘काहीच सापडलं नाही’ म्हणतं. आर्प-स्कॅनची यादी जुनी असेल तर तिथेही ‘अननोन’ येतं, पण निदान ओळ तरी गाळली जात नाही. त्यामुळे निकाल ग्रेपमधून (ठरावीक शब्द असलेल्याच ओळी ठेवणारी आज्ञा) ‘रास्पबेरी’ शब्दावर गाळू नका. पूर्ण यादी वाचा. गेट-ओयूआय या सोबतच्या आज्ञेने नवी यादी उतरवता येते, आणि ‘ओयूआयफाइल’ पर्यायाने ती वापरायला सांगता येते.

यूएसबी इथरनेट ॲडॉप्टर लावलेल्या पायच्या बाबतीत मात्र नवी यादीही कामाची नाही, कारण तिथे नाव ॲडॉप्टर बनवणाऱ्याचं दिसतं. काही वाय-फाय रिपीटर तर आपल्यामागच्या सगळ्या उपकरणांच्या जागी स्वतःचाच मॅक पत्ता पुढे करतात. एकच मॅक चार-पाच आयपींसमोर दिसला तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नावाचा नाद सोडावा. पाय बंद असताना एकदा स्कॅन करा, निकाल फाइलमध्ये ठेवा. पाय चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही फाइलींना डिफ (फरक दाखवणारी आज्ञा) लावा. जी ओळ नव्याने आली ती पायची. मध्येच कोणाचा फोन वाय-फायवर आला तर दोन ओळी वाढतील. फोनचा मॅक पत्ता बहुधा बनावट असतो, आणि तो ओळखायची खूण म्हणजे त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो.

यादी रिकामी आली, किंवा त्यात भलतेच पत्ते दिसले, तर निकालाची पहिली ओळ नीट पाहा. तिथे इंटरफेसचं (संगणकाच्या नेटवर्क जोडणीचं) नाव आणि तुमचा आयपी छापलेला असतो. डॉकर, व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीपीएन बसवलेल्या संगणकावर आर्प-स्कॅन चुकीचा इंटरफेस उचलू शकतं. पत्ता १७२.१७ किंवा १९२.१६८.५६ ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुतेक स्वतःच्याच पोटातलं आभासी नेटवर्क धुंडाळताय. मोठा आय हा पर्याय देऊन खऱ्या इंटरफेसचं नाव सांगा. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल२ वर आर्प-स्कॅन टाकून हीच गत होते, कारण ते मूळ सेटिंगमध्ये नॅटच्या मागे, म्हणजे वेगळ्या आतल्या नेटवर्कमध्ये असतं. विंडोजवर सरळ अँग्री आयपी स्कॅनर घ्यावा आणि फेचर्समध्ये जाऊन मॅक व्हेंडरचा रकाना चालू करावा.

इंटरफेस बरोबर असूनही पाय नाही, तर दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का ते तपासा. आर्पचा प्रश्न राउटर ओलांडून पुढे जात नाही. इंटरनेट कंपनीच्या मोडेममागे स्वतःचा दुसरा राउटर लावला की घरात दोन नेटवर्कं होतात, एक १९२.१६८.०, दुसरं १९२.१६८.१. गेस्ट वाय-फायवरची उपकरणं तर एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

वाय-फायवरचा पाय कधी दिसतो, कधी नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वीज वाचवण्याच्या सेटिंगचा. झोपलेला वाय-फाय चिप सगळ्यांसाठी हाकारलेला प्रश्न चुकवतो. आर्प-स्कॅन मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक पत्त्याला दोनदा विचारतं. ‘रीट्राय’ पाच केलं की तो सहसा सापडतो. मग आत शिरून आयडब्ल्यू आज्ञेने वायफायचं पॉवर सेव्ह बंद करावं. ओळीच्या शेवटी ‘डप’ (त्याच पत्त्याचं दुसरं उत्तर) आलं तर घाबरू नका. केबल आणि वाय-फाय दोन्ही जोडलेल्या पायवर लिनक्स एका पत्त्याचं उत्तर दोन्ही वाटांनी देऊ शकतं. पायला एकच वाट असेल, तर मात्र दोन यंत्रांना एकच आयपी गेलाय का ते पाहा.

इतकं करूनही पाय नसेल, तर तो नेटवर्कवर आलेलाच नाही आणि कुठलंही साधन त्याला शोधू शकणार नाही. झीरो डब्ल्यू, झीरो २ डब्ल्यू आणि ३बी हे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना दिसतच नाही. वाय-फायचा देश ठरवलेला नसेल तर वाय-फाय अडकून राहू शकतं. कार्डाच्या बूट विभागात वाय-फायच्या तपशिलांची डब्ल्यूपीए सप्लिकंट ही फाइल टाकायची जुनी युक्ती पायच्या प्रणालीच्या २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही, कारण तिथे वाय-फाय सांभाळायला नेटवर्क मॅनेजर आला. कार्ड लिहायच्या इमेजर या साधनातच वाय-फायचं नाव-पासवर्ड भरून कार्ड पुन्हा लिहिणं सगळ्यात कमी त्रासाचं.

पत्ता मिळाला पण एसएसएच (दुरून पायच्या टर्मिनलमध्ये शिरायची सोय) जोडलं जात नाही, ही तक्रारही साधनाच्या माथी मारली जाते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पाय जागा आहे, पण एसएसएच बंद आहे. नोव्हेंबर २०१६ पासून ते मुळात बंदच येतं. बूट विभागात एसएसएच नावाची रिकामी फाइल ठेवली की सुरू होतं, तिला डॉट टीएक्सटी चिकटलं तरी चालतं. पासवर्ड नाकारला जात असेल तर एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा आयता वापरकर्ता नाही, हे आठवा. कार्ड नव्याने लिहिल्यावर ओळख बदलल्याचा मोठा इशारा येतो, तेव्हा एसएसएच-कीजेनला मोठा आर पर्याय आणि तो पत्ता देऊन जुनी नोंद काढायची.

एनमॅप हे नेटवर्क तपासायचं साधन आधीच बसवलेलं असेल तर तेही चालेल, पण सुडो लावूनच. सुडोशिवाय ते आर्प सोडून फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट ठोठावून पाहतं आणि मॅक पत्ताही दाखवत नाही. फोनवरच्या ॲपवर या कामासाठी विसंबू नये. आयओएस आणि अलीकडचं अँड्रॉइड त्यांना इतर उपकरणांचे मॅक पत्ते वाचू देत नाहीत, त्यामुळे त्यांनी दाखवलेलं नाव बऱ्याचदा अंदाज असतो.

पाय सापडला की त्याचा मॅक पत्ता राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (एका उपकरणाला कायम तोच आयपी देण्याची सोय) लगेच टाका. केबलचा आणि वाय-फायचा मॅक वेगळा असतो. पाय पुढे ज्या वाटेने जोडलेला राहणार आहे, त्या वाटेचाच टाका.