दोन्ही गुडघे एकदम की एकेक? पाखाडीवरच्या घरातून पाहताना

दोन्ही गुडघे बदलावे लागणार हे एकदा मान्य झाले, की पुढचा प्रश्न उरतो तो ते एकाच दिवशी बदलावेत की काही महिन्यांच्या अंतराने एकेक, हा. आमच्या घरात दोन्ही प्रकार झाले आहेत. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मुंबईत एकाच दिवशी दोन्ही गुडघे बदलून घेतले. मी राजापूर तालुक्यातल्या घरी राहून, कोल्हापूरला जाऊन, नोव्हेंबरात डावा आणि फेब्रुवारीत उजवा बदलून घेतला. आम्हा दोघांची वये, वजने आणि दुखण्याची तऱ्हा सारखी नव्हती, आणि मी डॉक्टर नाही. तेव्हा पुढचे सारे एका कुटुंबाचा अनुभव म्हणूनच वाचावे.

दादाच्या मार्गाचे फायदे खरे आहेत आणि ते कमी लेखू नयेत. भूल एकदाच, रुग्णालयातला मुक्काम एकदाच, मुलाला रजा एकदाच. खर्चातही फरक पडतो, कारण सांध्यांची किंमत दोन्हीकडे दुप्पटच असली (ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती करांशिवाय ५४,७२० रुपये होती), तरी शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि खोली यांचे बिल दोनदा होत नाही. शिवाय ज्यांचे दोन्ही गुडघे वाकून गेलेले असतात आणि पूर्ण सरळ होत नाहीत, त्यांना डॉक्टर पुष्कळदा एकदमच करा म्हणतात. न बदललेला वाकडा पाय नव्या पायालाही वाकून चालायला लावतो आणि मग नव्या गुडघ्याचे सरळ होणे अडते. दादाला हृदयविकार नव्हता, मधुमेह नव्हता. दुसऱ्या दिवशी तो वॉकर धरून उभा राहिला, सातव्या मजल्यावरच्या घरी लिफ्टने गेला, इमारतीच्या लांब व्हरांड्यात रोज फेऱ्या घालू लागला आणि दीड महिन्यात एका काठीवर आला. तीन महिन्यांत त्याचे सारे आटोपले होते.

याची दुसरी बाजू म्हणजे शरीरावर एकाच वेळी पडणारा भार. रक्त जास्त जाते, ते बाहेरून द्यावे लागण्याची शक्यता वाढते, हृदयाला आणि फुफ्फुसांना ताण सोसावा लागतो. म्हणून वय फार झालेले असेल किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर डॉक्टर बहुधा एकेकच सुचवतात, आणि तिथे निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, हे आमच्या पिढीला चांगले आठवते. माझ्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी दोन्ही मार्ग मोकळे ठेवले होते आणि माझा निर्णय ठरला तो आमच्या पाखाडीमुळे, म्हणजे घरापर्यंत चढत येणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेमुळे.

रस्त्यापासून आमच्या खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत, जांभ्याच्या एकतीस पायऱ्या आहेत. त्या आजोबांच्या वेळच्या आहेत, उंचीला सारख्या नाहीत, आणि काही ठिकाणी चिरा झिजून पुढे उतरता झाला आहे. दादाची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली आणि तो शिमग्याला गावी आला. सपाटीवर तो इतका छान चालत होता, की गाडीतून उतरल्यावर आम्ही निर्धास्त होतो. पण पाखाडीच्या पायथ्याशी येऊन तो थांबला. पायऱ्यांचा नियम प्रत्येक रुग्णाला शिकवला जातो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी. दादाने वर पाहिले आणि विचारले, ‘यातला चांगला कोणता?’ त्याला उत्तर देता येण्यासारखे नव्हते. मुंबईत त्याने चार-सहा पायऱ्यांचा सराव केला होता, पण त्या सारख्या उंचीच्या होत्या आणि दोन्ही हातांना कठडा होता. इथे शरीराचे वजन वर उचलून घेईल असा भरवशाचा पाय त्याच्यापाशी नव्हता. शेवटी त्याला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले. ग्रामदेवतेची पालखी खळ्यात आली तेव्हा त्याला दर्शन झाले, पण ती जिथे बसते त्या सहाणेवर जाता आले नाही. नऊ दिवस तो ओटी आणि पडवी यांच्या पलीकडे गेला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पालखी खांद्यावर घेतली, त्याला खाली ढोल वाजताना पडवीत बसलेला पाहणे मला फार जड गेले.

म्हणून मी एकेकाचा मार्ग धरला. अधिक बिघडलेला डावा गुडघा आधी केला. उजवाही दुखतच होता, पण त्या मांडीत जोर होता, आणि नियमातला ‘चांगला पाय’ म्हणून तो उभा राहिला. सहाव्या दिवशी घरी आलो तेव्हा एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने काठी धरून, मधल्या सपाटीवर ठेवलेल्या खुर्चीवर दोनदा बसून, मी पंचवीस मिनिटांत स्वतःच्या पायांनी वर आलो. फेब्रुवारीत उजवा बदलला तेव्हा तोवर सावरलेला डावा चांगला पाय झाला होता, आणि ती चढण मला पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपी वाटली.

या मार्गाचीही किंमत आहे. मधल्या तीन महिन्यांत एक पाय सरळ आणि दुसरा बाहेरून धनुष्यासारखा, त्यामुळे एक पाय लांब झाल्यासारखे वाटते आणि कंबर धरते. अणुस्कुरा घाटातून नव्या गुडघ्यासह प्रवास दोनदा करावा लागतो. मी दर तासाला गाडी थांबवून उतरत असे आणि बसल्या जागी घोटे वरखाली हलवत असे, कारण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्यांबरोबर तेही महत्त्वाचे असते. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्या वेळी काय सोसायचे आहे ते आपल्याला ठाऊक असते. पहिले दोन-तीन आठवडे रात्री झोप लागत नाही, आणि तशा रात्रींत मी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार सोडून दिला असता. पहिल्याच वेळी दुसरी तारीख घेऊन ठेवली होती, ती कामी आली. दुसरी शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहणारा माणूस अर्ध्यावरच थांबतो, आणि तसे होण्याची भीती ज्याला स्वतःबद्दल वाटते त्याने दादाचाच मार्ग धरलेला बरा.

पुढची बरी होण्याची वाट दोन्हीकडे जवळपास एकच आहे. उकिडवे बसणे संपते, मांडी घालणेही बहुतेकांना सोडावे लागते. गणपतीच्या आरतीला आम्ही दोघेही आता खुर्चीजवळ उभे असतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, गुडघा काही महिने गरम लागतो, चालताना कधी टक् असा आवाज येतो. वाकण्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष पाय पूर्ण सरळ होण्याकडे द्यावे: झोपताना उशी टाचेखाली घ्यावी, गुडघ्याखाली कधीही नाही. गुडघ्याखालची उशी फार सुखाची वाटते, आणि तिनेच पाय वाकडा राहतो.

ज्यांचे घर सपाटीवर आहे किंवा लिफ्टच्या इमारतीत आहे आणि प्रकृती धडधाकट आहे, त्यांना एकदम करण्यापासून मी परावृत्त करणार नाही. पण ज्यांना बरे व्हायला पाखाडीवरच्या घरातच यायचे आहे, त्यांनी माझ्या मते एकेकाचाच विचार आधी करावा, आणि दोन्ही शस्त्रक्रिया एकाच उघडिपीत, दिवाळीनंतर आणि आंब्याच्या तोडणीआधी, बसवाव्यात. जूनमध्ये जांभ्यावर शेवाळ धरते, आणि त्यावर काठीचे रबरही टिकत नाही. शस्त्रक्रियेआधी पायऱ्या मोजून आणि सर्वांत उंच पायरीची उंची मापून ती फिजिओथेरपिस्टला सांगावी, म्हणजे सराव त्या उंचीचा होतो. लोखंडी नळाचा कठडा पाखाडीच्या दोन्ही अंगांना बसवून घ्यावा. मी आधी एकाच अंगाला बसवला होता, आणि चढताना उजव्या हाताला असलेला तो कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, हे पहिल्यांदा खाली उतरायला निघालो तेव्हा लक्षात आले.