जुना हेलिओस आणि सोनीची बॉडी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

सोनी ए७ २ या कॅमेऱ्याच्या बॉडीवर मी गेल्या पावसाळ्यापासून दोन जुन्या मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायच्या, लेन्स वापरतोय: रशियन हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२ आणि निक्कॉर एआय-एस ५० मिमी एफ/१.८. छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, पैठण आणि बीडकडचं आमचं गाव असं सगळीकडे हे सामान फिरलं. लेन्स कुठली घ्यावी हे सगळेच विचारतात, अ‍ॅडॉप्टरबद्दल कुणी विचारत नाही. फोटो सुधारतो की बिघडतो, ते मात्र बरंचसं लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या या कड्यावरच ठरतं.

हेलिओसचं माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची जागा, एम४२. त्याला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी. मधले २७.४६ मिमी अ‍ॅडॉप्टरने भरायचे, त्यात काच नसते, नुसतं धातूचं कडं. निकॉनच्या डीएसएलआरला हे जमत नाही, कारण तिचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सला हवं त्याहून आधीच जास्त. साध्या अ‍ॅडॉप्टरवर लांबचं काही फोकसच होत नाही. आपल्याकडे अनेकांच्या कपाटात अजून निकॉनची डीएसएलआर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

माझा पहिला अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला, बिननावाचा. लेन्स लावली की किंचित हलायची. दौलताबादच्या रस्त्यावरून चांद मिनारवर फोकस केला, तर रिंग शेवटपर्यंत नेल्यावर मिनार धूसर आणि थोडी मागे घेतली की लख्ख! लांबचा फोकस हमखास मिळावा म्हणून बरेच अ‍ॅडॉप्टर मापापेक्षा केसभर पातळच बनवतात. तेवढ्याने लेन्सवर कोरलेले मीटरचे आकडे खोटे ठरतात. पैठणला नाथषष्ठीच्या गर्दीत याचा फटका बसतो. ५० मिमीवर अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/८ ठेवून पाच मीटरला फोकस लावला, तर साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट यायला हवं. पण पातळ अ‍ॅडॉप्टरवर फोकस आकड्याच्या पलीकडे सरकतो आणि पुढचे टाळकरी धूसर येतात. आता मी पाच मीटरवर उभ्या माणसावर मॅग्निफायर (चित्राचा भाग मोठा करून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लावून फोकस घेतो आणि रिंगवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो. दिंडी आली की ठिपक्यावर रिंग ठेवायची आणि शटर दाबत राहायचं.

दुसरा दोष आतल्या चकाकीचा. त्या अ‍ॅडॉप्टरची आतली भिंत गुळगुळीत होती, उन्हात फोटोवर दुधाळ पडदा यायचा. मॅचिंग सेंटरमधून काळ्या मखमलीचा तुकडा आणून आत चिकटवला, कडा नीट दाबल्या, सुटे धागे ब्लोअरने उडवले. फरक डोळ्यांना दिसतो. हेलिओसचं कोटिंग जुनं आहे, त्यामुळे ४९ मिमीचं रबरी हूड मी काढतच नाही. आपल्याकडचं दुपारचं ऊन या लेन्सला सोसत नाही. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर मात्र तिच्यासारखा रंग मला दुसऱ्या कुठल्या लेन्सवर मिळालेला नाही.

वेरूळला दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात लाकडी फासळ्यांसारखं कोरलेलं छत आहे. उजेड कमी आणि ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथे हाताचा कंप सावरणारं बॉडीतलं स्टेबिलायझेशन कामी येतं. पण लेन्स बॉडीशी बोलत नसल्याने तिची फोकल लेंग्थ (ते ५८ किंवा ५० मिमी) मेनूत आपणच भरायची, ५८ नसेल तर जवळचा आकडा. लेन्स बदलली की आकडाही बदलायचा, नाहीतर मदत उलटते. मेनूतला 'लेन्सशिवाय शटर' हा पर्यायही चालू ठेवावा लागतो.

माणसांच्या फोटोंत हेलिओस मनापासून आवडला. गावाकडे लिंबाखाली आजीला बसवलं, मी दीड-दोन मीटरवर, एफ/२. मागची पानं गोल फिरल्यासारखी आली. पीकिंगची, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीची, लाल रेघ अशा वेळी कानावरही दिसते आणि डोळ्यावरही, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नका, डोळ्यावर मॅग्निफायर लावाच. "अरे, झालं का तुझं?" असं आजीने विचारेपर्यंत वेळ लागतो, पण पापणीचा केस न् केस मिळतो.

हळदी-लग्नाच्या कामाला ही जोडी नेऊ नका, तिथे ऑटोफोकसच हवा.

उन्हाळ्यात लेन्स गाडीत ठेवू नका. चाळिशीपार तापमानात जुनं ग्रीस पातळ होतं आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर, म्हणजे ब्लेडवर, उतरतं. हेलिओसचं अ‍ॅपर्चर हाताने फिरतं म्हणून ते अडत नाही, पण निक्कॉरच्या ब्लेड स्प्रिंगवर चालतात, त्या चिकटून मंद होतात. विकत घेताना लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरवर टॉर्चसमोर धरा, बुरशीचे धागे आणि काचेवरचं धुकं लगेच दिसतं. मग अ‍ॅपर्चरची रिंग पूर्ण फिरवून ब्लेडवर तेलाची चमक आहे का बघा. आणि अ‍ॅडॉप्टरसाठी थोडे पैसे बाजूला ठेवूनच लेन्सचा भाव करा.