बोहोलला टार्सियर बघायचाय? मग कोरेलालाच जा

फिलिपीन्समधल्या बोहोल बेटाच्या पॅकेज टूरमध्ये टार्सियरचा (माकडांचा लांबचा नातेवाईक असलेला इवलासा, बटबटीत डोळ्यांचा प्राणी) स्टॉप असतोच, पण ड्रायव्हर नेमका कुठे नेणार ते आधी विचारून घ्या. आम्हाला आधी भलतीकडेच नेलं, नाव नाही घेत, पण फांदीफांदीवर टार्सियर, भोवती सेल्फीवाल्यांची झुंबड, आरडाओरडा, आणि ते बिचारे भर दुपारी डोळे ताणून जागे. अरे, निशाचर प्राणी आहे तो! ताण त्याला सहनच होत नाही, पिंजऱ्यात कोंडलं तर डोकं आपटून घेतो.

बोहोलमधल्याच कोरेला गावचं टार्सियर अभयारण्य फिलिपीन टार्सियर फाउंडेशन चालवतं, संस्था १९९६ची. गाइड पुढे, आपण मागे, तोंड बंद, फ्लॅश नाही, हात लावायचा तर प्रश्नच नाही. कोण कुठे झोपलंय ते गाइडला माहीत असतं. सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा मुठीएवढा जीव, आणि एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा! डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून मान दोन्हीकडे १८० अंश वळवतो. खाणं फक्त किडे, पाली वगैरे, फळ-पान अजिबात नाही. आणि गप्प बसलाय असं आपल्याला वाटतं पण ओरडत असूही शकतो, २०१२च्या अभ्यासात त्यांची हाक ७० किलोहर्ट्झच्या आसपास सापडली, आपले कान २०लाच संपतात.

मला सगळ्यात आवडलं ते कुंपण. ते मांजरांसारखे शिकारी बाहेर ठेवायला आहे, टार्सियर रात्री त्यावरून चढून जंगलात शिकारीला जातात आणि उजाडायच्या आत परत येतात. म्हणजे राहतात ते स्वतःच्या मर्जीने.

इथलेच कार्लितो पिझारास लहानपणी वडिलांबरोबर टार्सियर पकडायचे, पेंढा भरून विकायला. संख्या घटतेय हे लक्षात आल्यावर ते सोडून त्यांनाच वाचवायला लागले, आणि २०१०मध्ये शास्त्रज्ञांनी या टार्सियरच्या वंशाला (जीनसला) कार्लितो हेच नाव दिलं. पद्मश्रीपेक्षा भारी वाटलं मला हे.

आता तक्रार म्हणाल तर फेरी पटकन संपते, दोन-तीनच दिसतात तेही झोपलेले, उड्या वगैरे बघायच्या असतील तर निराशा होईल. अगदी लहान पोरं असतील तर शांत ठेवणं अवघड जाईल. फोटोसाठी झूम असलेला कॅमेरा न्या, मोबाइलवर नुसता तपकिरी ठिपका येतो. माझ्याकडून साडेचार स्टार, आणि ड्रायव्हर "दोन्ही सारखंच आहे" म्हणाला तरी ऐकू नका.