जग्वार, लेक्सस की माझदा: क्ले मॉडेलसाठी कोणती?

लातूरहून भाचीने तीन फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, यातली कोणती घेऊ?" ती डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ग्रँड टूरिंग कॉन्सेप्ट गाडीचं (म्हणजे विक्रीआधी कल्पना दाखवायला केलेल्या गाडीचं) बाह्यरूप तपासायचं, तिचं दहास एक मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, क्ले मॉडेल (मातीसारख्या मळता येणाऱ्या क्लेचा नमुना) करायचं आणि परीक्षकांसमोर आपली निवड पटवून द्यायची, असं काम आहे. हातात सहा आठवडे. फोटोत जग्वार टाइप ००, लेक्सस एलएफ-एलसी आणि माझदा व्हिजन कूपे.

मी एकोणीस वर्षं संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या डाय-शॉपमध्ये दारं आणि मडगार्डांच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, घासल्या. त्यामुळे माझं मत पत्र्याच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी रंग, चाकं आणि लोगो विसरून जा. गाडी बाजूने बघा, तीही लांबून. ग्रँड टूरर ही शर्यतीची गाडी नाही. लांबचा पल्ला वेगात, आरामात, सामानासकट गाठायची ती गाडी. म्हणून बॉनेट लांब, केबिन मागे सरकलेली आणि सगळं वजन मागच्या चाकांवर बसल्यासारखं दिसायला हवं. पुढच्या चाकाचा मध्य आणि समोरच्या काचेचं बूड यांमधलं अंतर मोजलं की अर्धं उत्तर मिळतं. प्रमाण म्हणजे काय हे कळायला संभाजीनगरच्या लेकरांना लांब जायची गरज नाही. बीबी का मकबऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि हाताने दोन मिनार झाकायचे. घुमट लगेच मोकळा होतो, मोठा वाटायला लागतो. हात काढला की पुन्हा आक्रसतो. नक्षी तीच, संगमरवर तोच. बदलतं ते फक्त शेजारच्या वस्तूचं माप. गाडीच्या फोटोवरही असाच हात ठेवून बघायचा.

या कसोटीवर जग्वार सगळ्यात ठाम उभी राहते. डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत ती गुलाबी आणि निळ्या रंगात दाखवली, तेव्हा लोक रंगावरून आणि नव्या लोगोवरून भांडले. आकाराबद्दल कमी बोललं गेलं, याचं मला वाईट वाटतं. गाडी विजेची आहे, म्हणजे पुढे इंजिन नाही, तरी बॉनेट भलतं लांब. हे ढोंग आहे की परंपरा? माझ्या मते ग्रँड टूररला ते शोभतं, पण परीक्षक हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारतील. २३ इंची चाकांमुळे अंग भारदस्त दिसतं. मागे काचच नाही, त्या जागी आडव्या पट्ट्या आहेत. तिथे मात्र मला गाडी बंद कपाटासारखी वाटते. नजर टेकवायला जागा नाही. आणि ही सपाट अंगं सोपी समजू नकोस. पत्र्याला पुरेसा फुगवटा नसेल तर तो बोटाने दाबला की टप्‌ करून आत जातो आणि टप्‌ करून बाहेर येतो. क्लेमध्ये तो टप्‌ होणार नाही, पण सपाट जागेवरची लाट लपवायला एकही कड मिळणार नाही.

माझदा माझी आवडती. २०१७ च्या टोकियो मोटर शोमध्ये आलेली ही चार दारांची कूपे. कुशीवर कोरलेली रेष जवळजवळ नाहीच. आकार दिसतो तो पडलेल्या उजेडामुळे. डाय-शॉपमध्ये आम्ही पॅनलवर तेल पुसायचो, आडव्या ट्यूबलाईटखाली धरायचो आणि उजेडाची पट्टी सरकताना बघायचो. पट्टी कुठे अडखळली की डायवर तिथे घासायचा दगड फिरवायचा. हे आम्ही चूक शोधायला करायचो; माझदाने त्याच पट्टीची सजावट केली. पुढे रस्त्यावर आलेल्या माझदा ३ च्या दारांवरही तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळणारा उजेड उतरला, म्हणजे ही नुसती शोची करामत नव्हती. मात्र दहास एक मापात मॉडेलवरची एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटर. तेवढ्याने ती पट्टी तुटते आणि माझदा माझदा राहत नाही.

लेक्ससचा चेहरा मला आवडत नाही, सरळ सांगतो. मधोमध कंबर आवळलेली ती जाळी सगळी नजर खाऊन टाकते. पण चेहरा सोडून मागे सरका. मागच्या चाकावरचा फुगीर खांदा आणि वर तरंगल्यासारखं छप्पर बघा. ही गाडी कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी या डिझाईन स्टुडिओत आखली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉइटला दाखवली. चार वर्षांनी त्याच शहरात तिच्यावरून केलेली विक्रीची एलसी उभी राहिली. बॉनेट खाली राहावं म्हणून कारखान्याला पुढचं सस्पेन्शन नव्याने आखावं लागलं. कॉन्सेप्टमधलं काय टिकलं, काय गेलं आणि का गेलं, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतं. एलसी २०२० पासून भारतातही विकायला होती. जग्वारच्या बाबतीत आज अशी तुलना करता येत नाही. माझदाच्या बाबतीत करता येते, पण एका दुसऱ्याच गाडीच्या दारांपुरती.

म्हणून बाई, तू लेक्सस घे. तिच्या अंगावर कडा आहेत, वळणं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते टेपने आखता येतं. नव्या हाताला धरायला काहीतरी मिळतं. जाळी खटकते हेही परीक्षकांना सांग, कारणासकट. जग्वार मी फक्त त्याला सुचवेन ज्याला बोलण्यात हार जात नाही आणि ज्याच्या हातात क्ले खरवडायची सपाट पट्टी आधीच चांगली चालते.

माझदा सोडू नकोस. तिचं फक्त मागचं दार आणि मडगार्ड मोठ्या मापात, चारास एक, वेगळं करू. ते गुणांसाठी नाही, हातासाठी. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात क्ले नीट घट्ट होत नाही, तेव्हा पहाटेच बसावं लागेल. रविवारी ये. येताना काळी टेप आण. ट्यूबलाईट मी आडवी लावून ठेवतो.