डायलिसिस सुटेल म्हणून सांगणाऱ्या माणसाने आम्हाला कसं फसवलं

ज्यांच्या घरात कोणी डायलिसिसवर आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, पैसे गेले त्याचं दुःख आहेच पण आमच्या घरातला माणूस जाता जाता राहिला म्हणून लिहितेय.

आम्ही पूर्णगडच्या खाडीपलीकडे राहतो. आमचे हे 46 वर्षांचे. बीपी आधीपासून होतं, गोळी कधी घ्यायचे कधी नाही, आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पाय सुजायला लागले, तोंडाला चव नाही, रात्री उलट्या, तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 11 च्या वर. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. आधी मानेतून नळी घालून डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं, झालं आणि मग डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, थोड्या महिन्यांनी शीर फुगते मग तिथे सुया टोचता येतात. त्याच्यावर बोटं ठेवली की विहिरीवरचा पंप चालू असताना पाइपला हात लावल्यावर लागते ना, तशी थरथर लागते. ती चालू आहे ना हे रोज बघायचं असं सिस्टरनी सांगितलंय, ते काम माझ्याकडे. झोपायच्या आधी रोज बघते.

आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात होतं, डायलिसिसचे पैसे लागत नाहीत. पण तिथे पोचायचं कसं हा प्रश्न. सकाळची पहिली एसटी, पावस, भाट्याचा पूल, आणि परत यायला दुपार उलटायची, डायलिसिस झाल्यावर माणूस इतका गळून जातो की एसटीत उभं राहायची ताकद नसते, मग कितीतरी वेळा रिक्षा करावी लागायची. काजूच्या फॅक्टरीतली माझी हजेरी बुडायची ती वेगळीच. आणि घरी आल्यावर पाणी मोजून, चहा आमटी सगळं धरून दिवसाला एक लिटर. मे महिन्यात दारात आंबे पडतायत, फणस पिकलाय, आणि ह्यांना रक्तातलं पोटॅशियम वाढेल, ते वाढलं की हृदयाला धोका, म्हणून दोन फोडींच्या वर द्यायचं नाही. एकदा ते मला म्हणाले, अगं मला फक्त एकदा घटाघटा तांब्याभर पाणी पिऊ दे. हे एवढ्यासाठी सांगतेय की कोणी म्हणेल तुम्ही शिकलेली माणसं अशा नादाला लागलात कशी. अशी लागतात.

मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाने नंबर दिला. त्यांच्या ओळखीतल्या कोणाचं तरी डायलिसिस सुटलं होतं म्हणे. तो माणूस महिन्यातून दोनदा रत्नागिरीत एका लॉजवर बसायचा. आम्ही गेलो तेव्हा बाहेर खुर्च्या टाकलेल्या आणि आठ-दहा माणसं बसलेली, त्यातली तिघं तर फिस्टुलावाली, हात बघून मला लगेच कळलं, आणि खरं सांगायचं तर तेच बघून आमचा विश्वास बसला. आत टेबलावर स्टेथोस्कोप, बाजूला रिपोर्टांच्या जाड फाइली. बोलायला अतिशय गोड. माझ्या सासूबाईंना आई म्हणाला. त्याने पहिला प्रश्न विचारला, लघवी होते का अजून? हे म्हणाले होते थोडी थोडी. तर म्हणाला, मग किडनी मेलेली नाही, झोपलीय, मशीनची सवय लागलीय तिला, आपण उठवू.

आता कळतं की सुरुवातीला बऱ्याच पेशंटना लघवी होत असते, पाणी बाहेर पडतं पण रक्तातला कचरा आणि पोटॅशियम पुरेसं निघत नाही. आणि मशीनची किडनीला सवय लागते हे तर साफ खोटं, किडनीचं काम होत नाही म्हणून मशीन लागतं. पण त्या दिवशी सासूबाई रडायला लागल्या, मी पण रडले.

15 दिवसांच्या पुड्या 8,500 रुपये. सकाळ-संध्याकाळ पुडी आणि तिच्याबरोबर एक शहाळं. शहाळ्याने किडनी धुवून निघते म्हणाला. आमच्या वाडीत 14 माड आहेत, शहाळी काय फुकटच, आणि ह्यांना इतक्या महिन्यांनी गोड पाणी पोटभर प्यायला मिळालं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, डायलिसिसच्या पेशंटला ते पहिलं बंद करतात, आम्हाला दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर छापलेलं होतं. पण हा म्हणाला ते कागद कंपन्यांनी छापलेले असतात.

आणि आता त्याची खरी चलाखी सांगते, हे नीट वाचा. तो म्हणाला डायलिसिसला बसायच्या आधी काढलेला रिपोर्ट तुमच्याकडे आहेच, क्रिएटिनिन 9.8 चा, तो जपून ठेवा. 15 दिवस पुडी घ्या आणि मग एके दिवशी डायलिसिस आटपून बाहेर पडलात की तिथेच बाजारातल्या लॅबमध्ये रक्त देऊन या, म्हणजे परत वेगळी खेप नको, तुम्ही लांबून येता. आम्हाला वाटलं किती काळजी करतो. आम्ही तसंच केलं. रिपोर्ट आला 3.9.

घरात काय झालं असेल तुम्हीच बघा. सासूबाईंनी ग्रामदेवतेला नारळ दिला, मी फॅक्टरीत पेढे वाटले. त्याने रिपोर्ट बघून नुसती मान हलवली, जसं काही त्याला ठाऊकच होतं, आणि म्हणाला आता आठवड्याचं डायलिसिस तीनाचं दोनवर आणा. मग एक. मग मृगाचा पाऊस लागल्यावर बंदच. आणि आता महिनाभर रक्त तपासायचं नाही, औषध अंगात मुरू द्या. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, काकी तुम्ही का येत नाही, काय झालंय. त्यानेच शिकवलं होतं तसं मी सांगितलं की आम्ही मुंबईला जातोय उपचाराला. मी त्या मुलीशी खोटं बोलले, ती बिचारी दोनदा फोन करून विचारत होती.

शेवटचं डायलिसिस झाल्यावर अकराव्या रात्री, आषाढातला पाऊस, लाइट गेलेली. हे ओटीवर भिंतीला टेकून बसलेले, आडवं होता येत नव्हतं, आडवे झाले की जीव घुसमटायचा. श्वासाचा आवाज असा की पाण्याच्या मडक्यात नळी घालून कोणी फुंकतंय. पाय उचलत नव्हते, जीभ जड झाली होती. मी बॅटरीच्या उजेडात पाय दाबून बघितला तर बोट रुतलं ते वरच येईना. 108 ला फोन केला, गाडी आली तेव्हा पावणेदोन वाजले होते. पूर्णगडच्या पुलावरून जाताना ते मला म्हणाले, पोरांना उठवून आलीस का. तेवढंच बोलले.

पोटॅशियम 7.6. साधारण 5 च्या आत लागतं. ईसीजी बघून डॉक्टर धावतच आले, इंजेक्शनं दिली आणि रात्रीच मशीनवर घेतलं. डायलिसिसवाल्यांचं एक ठरलेलं वजन असतं, ड्राय वेट म्हणतात, ह्यांचं 57 किलो, त्या रात्री 64 भरलं. म्हणजे 7 किलो पाणी, तेच फुफ्फुसात शिरलं होतं. सहा दिवस आयसीयूत होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फाइल मागितली. ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि 3.9 वाल्या रिपोर्टवर कोपऱ्यात बारीक अक्षरात रक्त घेतल्याची वेळ असते, तिच्याभोवती पेनाने गोल केला. 2 वाजून 40 मिनिटं. मला विचारलं त्या दिवशी डायलिसिस कधी संपलं होतं? मी म्हटलं दीडच्या सुमाराला. मग त्यांनी समजावलं की डायलिसिसच्या 4 तासांत रक्तातलं यूरिया निदान 65 टक्के तरी उतरायला हवं, तसंच क्रिएटिनिनही उतरतं, म्हणून मशीनवरून उतरल्या उतरल्या कोणाचंही रक्त काढा, आकडा खालीच येणार, पुडी घ्या नाहीतर न घ्या. दोन दिवसांत परत वर चढतो. म्हणजे सरकारी मशीनने काढलेली घाण त्या माणसाने स्वतःच्या पुडीच्या नावावर लावली आणि आमच्याकडून एकूण 61 हजार घेतले. त्यात काजूचे आलेले सगळे पैसे गेले आणि 20 हजार माझ्या भावाचे.

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच. माझी किडनी ह्यांना द्यायची ठरलेली, मी ओ पॉझिटिव्ह हे बी पॉझिटिव्ह, चालतं. नवरा-बायको कायद्याने जवळचे नातेवाईक धरतात, मुंबईत तपासण्या सुरूही झाल्या होत्या, त्या आम्ही किडनी उठतेय म्हणून मध्येच सोडल्या. त्या रात्रीनंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाचं पंपिंग 30 टक्क्यांवर आलं होतं. आता आधी नियमित डायलिसिस, परत इको, हृदय सुधारलं तरच ऑपरेशन. ह्यांनी परत एकही पाळी चुकवलेली नाही. मागच्या महिन्यातला इको 42 आलाय.

त्या लॉजवर माझा भाऊ गेला तेव्हा खोली रिकामी, फोन बंद. ज्या खात्यावर पैसे पाठवले ते भलत्याच बाईच्या नावावर. पोलिसांत अर्ज दिलाय. 1930 वर पण फोन केला पण ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी तो नंबर लगेच लावायला हवा, आम्ही दोन महिन्यांनी लावला. पुडीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना लायसन्स नंबर, ना तारीख, चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर नाही, हे सगळं मला पहिल्या दिवशी दिसत होतं आणि मी बघितलं नाही. हे आयुर्वेदाच्या विरोधात नाही हं, आमच्याकडचे एक जुने वैद्य आहेत, त्यांना विचारलं असतं तर त्यांनीच आम्हाला हाकलून परत डायलिसिसला पाठवलं असतं, नंतर ते तसं म्हणालेसुद्धा.

त्याच्यानंतर आणखी एकाचा फोन आला, मुंबईच्या किडनीच्या यादीत तुमचं नाव वर आणतो, 6 लाख द्या. आमचा नंबर त्यांना कुठून मिळतो कोण जाणे. मेलेल्या माणसाची किडनी हवी तर नाव हॉस्पिटलमार्फतच नोंदतात, मुंबईत पुढचं वाटप झेडटीसीसी नावाची अवयव वाटपाची समिती बघते, पैसे भरून नंबर पुढे जात नाही. आणि किडनी विकत घेणं-देणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, 5 ते 10 वर्षं तुरुंग आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. मी त्याला एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

हे आत्ता लिहायचं कारण गेल्या मंगळवारचं. परत येताना एसटीत शेजारी एक बाई बसली, नवऱ्याच्या हातात फिस्टुला, त्यामुळे आपसूक बोलणं निघालं. ती खूप आनंदात होती. आता राजापूरला एक जण येतो म्हणाली, त्याच्या औषधाने 10 चं 4 झालं, पुढच्या आठवड्यापासून डायलिसिस कमी करणार. पिशवीतून रिपोर्ट काढून दाखवला. मी विचारलं, ताई, रक्त कधी दिलं होतं? म्हणाली, मशीनवरून उतरल्यावर, येता येता, तेवढीच एक खेप वाचली.

पावस येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. सगळं सांगितलं, आमची तारीख, वेळ, ती रात्र. गुरुवारी ते दोघं डायलिसिसला आले होते.