लिक्विड कूलर : पंपाला वीज कुठून देता ते आधी बघा

बेळगावात डिझाईन आणि व्हिडिओचं काम करणाऱ्यांना वैशाखाचं वेगळं सांगायला नको. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तोंडावर आली की मंडळांचे बॅनर, एलईडी स्क्रीनवरचे व्हिडिओ, वर लग्नसराईचं एडिटिंग, आणि हे सगळं ऐन उन्हाळ्यात. माझा प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, म्हणजे १०५ वॅटचा आणि मुळातच तापट. त्याची कमाल मर्यादा ९० अंश. जुन्या एअर कूलरवर रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) लावला की काटा तिथेच जाऊन टेकायचा. म्हणून २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर घेतला. यात पंप द्रव फिरवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेतो आणि तिथले फॅन ती बाहेर टाकतात. उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला, आता लिहायला हरकत नाही.

थंडाव्याचं एका ओळीत सांगतो : लांब रेंडरला आता सत्तरीच्या घरात राहतो, आणि खोलीत पंखा असेल तर त्याहून खाली. हे बहुतेक चांगले कूलर करतात. काही महिन्यांत मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे पंपाची वीज.

दुकानात जोडणी करणारा पोरगा म्हणाला, "काका, सीपीयू फॅनलाच स्प्लिटर मारून सगळं देतो की, चालतंय सगळ्यांचं." म्हणजे बोर्डावरच्या एकाच जोडणीतून फॅन आणि पंप दोन्ही. चालतं, खरं किती दिवस? मदरबोर्डवरचा सीपीयू फॅनचा हेडर (वायर खोचायची पिनांची जागा) साधारण १ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टवर १२ वॅट. माझ्या एकेका फॅनवर ०.२५ अँपिअर छापलंय. दोन फॅनचे झाले अर्धा अँपिअर, त्यात पंप घातला की उरतं किती? मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, ते वेगळंच. बऱ्याच बोर्डांवर पंपासाठी वेगळा हेडर असतो, तो २ किंवा ३ अँपिअरचा. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो वाचायचा. फॅनच्या स्टिकरवरचे आकडे बेरीज करायला पाच मिनिटं लागतात.

माझ्या कूलरचा पंप साटा वायरवर (पॉवर सप्लायमधून डिस्कला जाते ती) चालतो, आणि मला तेच पसंत आहे. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, मिळून ५४ वॅटपर्यंत. पंपाला त्यातलं किरकोळच लागतं. पंपाकडून दुसरी एक बारीक वायर येते, ती फक्त फेऱ्या मोजायची. ती बोर्डाला लावायची, त्यातून वीज जात नाही.

ही बारीक वायर कुठे लावायची यावर मी बराच विचार केला. बहुतेक जण फॅन सीपीयू फॅनच्या हेडरवर देतात आणि पंपाची वायर जिथे जागा असेल तिथे. मी उलट केलं. सुरू होताना बोर्ड सीपीयू फॅनच्या हेडरवर फेऱ्या दिसतात का ते बघतो आणि दिसल्या नाहीत तर बोंब मारतो. लिक्विड कूलरमध्ये पंप मेला तरी फॅन मजेत फिरत राहतात, मग बोर्डाला कळणार कसं? म्हणून पंपाची फेऱ्यांची वायर सीपीयू फॅनला लावली. दोन्ही फॅन कॅबिनेट फॅनच्या हेडरवर दिले आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्यांना तापमान प्रोसेसरचं दाखवलं. फॅनचा वेग त्याप्रमाणे वरखाली होतो, पंप मात्र कायम एकाच वेगाने. तुमचा पंप थेट हेडरवरूनच वीज घेत असेल तर तो हेडर बायोसमध्ये पूर्ण वेगावर ठेवा. तीन पिनांच्या पंपाचा वेग व्होल्टेज कमी करून उतरवला तर तो कधी कधी सुरूच होत नाही. आणि 'फॅन एरर' येते म्हणून ती सूचना बंद करून टाकणं म्हणजे घंटा वाजते म्हणून घंटाच काढून ठेवणं.

पॉवर सप्लायमधून साटाची वायर पुरली नाही की लोक मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा मोठा प्लग) साटा करणारा स्वस्त कन्व्हर्टर लावतात. त्यातला ओतीव प्लास्टिकचा प्रकार घेऊ नका. आत तारा प्लास्टिकमध्ये दाबलेल्या असतात, त्या सरकून एकमेकींना टेकल्या की शॉर्ट होऊन प्लग वितळतो, कधी पेटतोही. मागची टोपी उघडते आणि तारा वेगवेगळ्या दिसतात असा असेल तर चालेल. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुटी निघणारी केबल. खानापूरचा एक मित्र जुन्या मशीनची केबल काढून देत होता, प्लग बसतही होता. पण सप्लायकडच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ आले की डिस्क, बोर्ड, पंप, काहीही जाऊ शकतं. सप्लायच्या खोक्यातून आलेलीच केबल वापरायची.

आता आपल्याकडचं. पावसाने लाईट वरचेवर जाते. कूलरला त्याने काही होत नाही, पंप थांबतो तेव्हा प्रोसेसरही थांबलेला असतो. यूपीएस आहे तो फाईल वाचवायला. अर्थिंगचं मात्र बघा. शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनीला मागे तारच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा तिथेच असतो. अशा मशीनमध्ये हात घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आत काही जोडताना-काढताना नुसतं शटडाऊन पुरत नाही, ५ व्होल्टची स्टँडबाय वीज चालूच राहते. सप्लायचा मागचा स्विच बंद, पिन भिंतीतून बाहेर, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं. बोर्डावरचा दिवा विझला की हात घालायचा. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही.

कॅबिनेटमधले रंगीत दिवे घरच्या पोरासाठी लावले, मला त्यांचं काही नाही. तेवढं लक्षात ठेवा की तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे आणि चार पिनांचे १२ व्होल्टचे. जोर करून चुकीच्या जागी बसवले तर जळतात.

तक्रारी? पूर्ण वेगात फॅन आवाज करतात, रात्री घरच्यांना कळतो. सुरुवातीला पंपात बुडबुड ऐकू यायची. रेडिएटर वर आणि पंप खाली असल्याने हवा वर जाऊन बसली, आता नाही. पावसाळ्यात नळ्यांचे जोड अधूनमधून बघतो, ओल दिसली नाही. दिसली तर मशीन चालूच करायचं नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर मी हा घ्यायला सांगणार नाही, चांगला एअर कूलर निम्म्या खर्चात तेच करेल आणि त्याला पंपच नाही.

धूळ दिवाळीच्या आधी काढणार आहे. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.