जुन्या फोनला बॅटरी घालायची की नवा फोन घ्यायचा?

चार वर्षांचा फोन दुपारीच मान टाकायला लागला की घरात लगेच ‘एक्स्चेंज’ची भाषा सुरू होते. थोडं थांबा.

फोन जुना झाला म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी थकलेली असते. ती साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. बाकी फोन ठणठणीत असतो. माझा मी पुण्याच्या तपकीर गल्लीत नेला. कारागिराने गरम हवेने मागचं झाकण सैल केलं, प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली आणि फुगलेली बॅटरी जपून उचलली. त्याला दोन वर्षं झाली, फोन चालू आहे. एक मात्र आहे, झाकण एकदा उघडलं की पाण्यापासून पूर्वीइतकं संरक्षण राहत नाही. बॅटरी कुठल्या कंपनीची, वॉरंटी किती, हेही आधी विचारून घ्या.

नव्या फोनचा कॅमेरा चांगला, वेग जास्त, वॉरंटी पूर्ण. पण रोज चार्ज केला तरी फोनला वर्षाला दहा युनिटही वीज लागत नाही. म्हणजे पर्यावरणावरचा बहुतेक भार फोन बनतानाच पडून गेलेला असतो. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोमधून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. हे कळल्यावर केवळ कॅमेऱ्यासाठी नवा फोन घेणं मला पटत नाही.

जुन्याचं काय होतं तेही बघा. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तांबं काढायला माणसं सर्किट बोर्ड ॲसिडात बुडवतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी कंपन्यांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे, पण फोन भंगारवाल्याला द्यायचा की संकलन केंद्रावर, हे आपल्याच हातात असतं.

सिक्युरिटी अपडेट बंद झाले असतील, बँकेचं ॲप चालत नसेल किंवा मदरबोर्डच गेला असेल, तर नवा घ्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. जुन्यातला डेटा पुसून तो अधिकृत ई-कचरा केंद्रावरच द्या. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका आणि ओल्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका; कचरागाडीत आग लागते.